परिषदेतल्या इंग्रजी सादरीकरणाची तयारी: स्पीकर कोच, युग्लिश आणि कॅप्शन, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या संशोधन गटातल्या नव्या मंडळींकडून परिषदेतली सादरीकरणं तयार करून घ्यायचं काम गेले बरेच महिने माझ्याकडे आहे. गटात कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नाही, माझीही नाही. पॉवरपॉइंटमधला स्पीकर कोच, युग्लिश हे उच्चार ऐकवणारं संकेतस्थळ, स्वयंचलित कॅप्शन (बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवणारी सोय) आणि मिशिगन विद्यापीठाचा मायकेस हा बोललेल्या इंग्रजीचा संग्रह एवढी साधनं या काळात सतत हाताशी होती. यांच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक पहिल्या आठवड्याच्या उत्साहात लिहिलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. परदेशी ढंगात बोलायला शिकण्यात घातलेला वेळ वाया जातो. शब्दावरचा आघात (म्हणजे जोर), विराम आणि आकडे यांवर घातलेला वेळ पुरेपूर वसूल होतो. आणि प्रश्नोत्तरांची तयारी करून घ्यायला माणूसच लागतो.

सुरुवात स्पीकर कोचपासून. स्लाइड शो टॅबमध्ये 'रिहर्स विथ कोच' दाबलं की तुम्ही बोलत जायचं. वेग, मध्येमध्ये येणारे 'अम', 'यू नो', 'बेसिकली', स्लाइड शब्दशः वाचून दाखवणं, या सगळ्याची नोंद होऊन शेवटी अहवाल मिळतो. 2019 मध्ये हे प्रेझेंटर कोच या नावाने आलं, नाव नंतर बदललं. अहवालाचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवायची सवय लावा, म्हणजे आधीच्या सरावाशी तुलना करता येते. मिनिटाला 100 ते 165 शब्द हा वेग मायक्रोसॉफ्ट सुचवतं. आम्ही 130 धरून चालतो. त्या हिशोबाने 12 मिनिटांच्या भाषणात 1,560 शब्द बसतात, पण आलेख समजावताना थांबायला, श्वास घ्यायला जागा सोडली तर संहिता 1,300 च्या आसपासच हवी. आमच्याकडे येणारा पहिला मसुदा याच्या दीडपट तरी असतो. आधी कात्री, मग सराव, हा क्रम मी कधीच मोडू देत नाही. लांबलेली संहिता पाठ करायला बसलं की बोलणाऱ्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की उच्चारातली प्रत्येक अडचण दुप्पट होऊन ऐकू येते.

वेगाची सरासरी छान आली म्हणून भाषण कळतंच असं मात्र नाही. एकसलग 130 च्या वेगाने बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला दमवतो. म्हणून संहितेत तिरप्या रेघा मारून विरामाच्या जागा ठरवतो: आलेख बदलल्यावर, मुख्य निष्कर्षाच्या आधी, आणि प्रत्येक आकड्यानंतर.

आघाताचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण मराठी बोलताना जवळपास प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो. इंग्रजी ऐकणारा शब्द ओळखतो तो बराचसा जोर कुठे पडला यावरून. 'ॲनलाइझ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'अनॅलिसिस'मध्ये दुसऱ्यावर, 'ॲनलिटिकल'मध्ये तिसऱ्यावर. एकाच भाषणात हे तिन्ही शब्द येतात आणि तिन्हींवर एकाच ठिकाणी जोर पडला की समोरचा क्षणभर अडखळतो. तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. इथे युग्लिश फार उपयोगी पडतं. शब्द टाकला की तो जिथे बोलला गेलाय तिथूनच यूट्यूबवरचे व्हिडिओ एकामागून एक सुरू होतात. अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन अशी निवडही करता येते. भाषणात वारंवार येणारे दहा-पंधरा शब्द निवडायचे, प्रत्येकाचे पाच-सहा नमुने ऐकायचे आणि त्यांच्याबरोबरच मोठ्याने म्हणायचं. शब्दकोशातला एकच सुटा, स्वच्छ उच्चार ऐकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण इथे शब्द वाक्याच्या ओघात येतो.

स्वयंचलित कॅप्शन चालू ठेवून सराव करणं ही दुसरी सवय. आमच्या एका सहकाऱ्याचं भाषण 'थिन फिल्म'वर होतं आणि पडद्यावर सारखं 'टिन फिल्म' उमटत होतं. अभियांत्रिकीच्या सभागृहात हा घोटाळा खरोखर होऊ शकतो, कारण पातळ थर (थिन फिल्म) आणि कथिलाचा थर (टिन फिल्म) या दोन्ही गोष्टी अस्तित्वात आहेत. त्याने तेवढा एक ध्वनी घोटून घेतला, बाकी उच्चार होते तसेच ठेवले. त्याहून घातक म्हणजे आकडे. 'फिफ्टीन' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर गेला की कॅप्शनमध्ये 50 येतात, आणि माणसालाही 50 च ऐकू येतात. उपाय साधा आहे: बोलाल तो प्रत्येक आकडा त्याच वेळी स्लाइडवर दिसला पाहिजे, आणि शंका असेल तिथे 'वन फाइव्ह' असं सुटं म्हणायचं. कॅप्शनमधली प्रत्येक चूक आपल्याच माथी घेऊ नका. या यंत्रणा दुर्मिळ तांत्रिक शब्दांवर आणि अपरिचित ढंगांवर अडखळतातच. तोच शब्द विषय माहीत असलेल्या दोन माणसांना नीट कळत असेल तर पुढे जा.

स्लाइडच्या बाबतीत पेन स्टेट विद्यापीठाच्या मायकेल ॲली यांनी मांडलेली पद्धत आम्ही धरली आहे: शीर्षकाच्या जागी निष्कर्षाचं पूर्ण वाक्य, खाली बुलेटऐवजी पुरावा, म्हणजे आलेख, फोटो किंवा आकृती. 'रिझल्ट्स' हे शीर्षक काढायचं आणि 'ओलावा वाढला की सेन्सरचं रीडिंग घसरतं' असं लिहायचं, अर्थात इंग्रजीत. ज्याला बोलताना शब्द सुचत नाहीत त्याला हे वाक्य आधाराला असतं. श्रोत्यांतही बऱ्याच जणांची मातृभाषा इंग्रजी नसते. कानांनी निसटलेलं त्यांना डोळ्यांनी मिळतं. बाकीच्या कशानेही एवढा फरक पडलेला मी पाहिला नाही.

मायकेस हा विद्यापीठातल्या बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचा संग्रह आहे, 152 लिखित नोंदी, सुमारे 18 लाख शब्द, शोधायला मोफत. लोक एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसे जातात ते त्यात दिसतं, आणि ती वाक्यं शोधनिबंधातल्यापेक्षा फार साधी असतात. मँचेस्टर विद्यापीठाची ॲकॅडेमिक फ्रेजबँक, म्हणजे शोधनिबंधासाठीच्या तयार वाक्यरचनांचा संग्रह, मी लेखनापुरतीच ठेवली. तिथली वाक्यं तोंडात बसत नाहीत. हीच अडचण एआयकडून संहिता 'सुंदर' करून घेतली की येते. वाक्यं लांब आणि गुळगुळीत होतात, आणि व्यासपीठावर मध्येच श्वास संपतो. लांब वाक्य तोडून द्यायला आणि परीक्षक विचारतील असे प्रश्न काढून द्यायला एआय चांगलं कामाला येतं.

आता प्रश्नोत्तरं. खरी भीती इथेच असते, आणि इथे वरचं एकही साधन पुरत नाही. आम्ही गटातल्या कुणाला तरी मागच्या रांगेत बसवतो आणि घाईघाईने, गोल गोल, दोन प्रश्न एकात गुंफून विचारायला सांगतो, कारण परिषदेत प्रश्न असेच येतात. नुसतं 'सॉरी?' म्हटलं की समोरचा तोच प्रश्न तसाच पुन्हा म्हणतो. 'कुड यू रिपीट द पार्ट अबाउट कॅलिब्रेशन?' असं नेमकं विचारलं की प्रश्न आपोआप सुटसुटीत होऊन येतो. 'इफ आय अंडरस्टूड करेक्टली, यू आर आस्किंग व्हेदर…' हे वाक्य तर सगळ्यांनी तोंडपाठ केलंय. त्याने विचार करायला चार क्षण मिळतात, आणि प्रश्न चुकीचा कळला असेल तर तिथेच दुरुस्त होतो.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो मान्य करायला हवा. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये 'पीएलओएस बायॉलॉजी' या संशोधन नियतकालिकात 8 देशांतल्या 908 पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत इंग्रजी सादरीकरणाच्या तयारीला काही गटांना इंग्रजी भाषकांच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागत असल्याचं दिसलं. गटप्रमुखांनी हा वेळ कामाच्या तासांत धरावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. माणसं रात्री जागून सराव करतात आणि सकाळी थकल्या आवाजात बोलतात, हे मला अजिबात पटत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. यातली बरीच साधनं इंटरनेटवर चालतात. निकाल अजून प्रसिद्ध झाले नसतील किंवा पेटंटचा विचार असेल, तर संहिता आणि आवाज तिथे देण्याआधी सहलेखकांना विचारा. आम्ही अशा वेळी आकडे आणि पदार्थांची नावं बदलून सराव करतो, आणि खऱ्या आकड्यांची शेवटची तालीम बंद खोलीत, माणसांपुढेच घेतो.