खजिन्याचा तक्ता: शंभर ओळी, अकरा की अठरा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात गॉब्लिन (छोटा राक्षस) पडला रे पडला की कुणीतरी विचारतंच, "त्याच्या खिशात काय आहे?" डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) आयत्या वेळी सुचत नाही, म्हणून फासे टाकून लूट ठरवायचा तक्ता हवा. तो स्वतः बनवणार असाल तर आधी फासे ठरवा.

पहिल्यांदा बहुतेकांचा हात डी-शंभरकडे, म्हणजे १ ते १०० आकडे देणाऱ्या फाशाकडे जातो. माझाही गेला. चाळिसाव्या ओळीपर्यंत मजा आली, मग 'गंजलेला खिळा', 'जरा कमी गंजलेला खिळा' सुरू झालं. शिवाय प्रत्येक ओळीला सारखाच १ टक्का, म्हणजे जळती तलवार आणि खिळा एकाच मापात. त्यावर तोड म्हणजे एकेका ओळीला आकड्यांचा पट्टा द्यायचा. डीएमसाठीच्या २०१४च्या नियमपुस्तकाने, डंजन मास्टर्स गाइडने, तेच केलंय: सर्वांत खालच्या टप्प्याच्या मोठ्या घबाडात ०१ ते ०६ पडलं तर नुसती नाणी, पुढच्या पट्ट्यांत रत्नं, कलावस्तू, जादूच्या वस्तू. नाण्यांचे फासे वेगळे. त्यांची सरासरी काढली तर १९६ सोन्याच्या नाण्यांइतकी भरते. लांबलचक कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत) पैशांचं गणित सांभाळायचं असेल तर हा तयार तक्ताच घ्या, स्वतः शंभर ओळी लिहू नका.

घरच्या टेबलासाठी माझं मत दोन साध्या फाशांना. लूडोचेही चालतात. बेरीज २ ते १२, म्हणजे लिहायच्या फक्त अकरा ओळी. ७ पडायची शक्यता ३६ पैकी ६, तर १२ची ३६ पैकी १. नेहमीचा माल मधे, दुर्मीळ कडेला, आकडेमोड फासेच करतात. खरी गंमत पुढे आहे. गुहेच्या खालच्या मजल्यावर बेरजेत २ मिळवा, की १२ किंवा त्याहून जास्त यायची शक्यता थेट सहात एक! त्यासाठी १३ आणि १४च्या ओळी लिहून ठेवाव्या लागतात. मात्र चांगल्या वस्तू दोन्ही टोकांना ठेवलात तर फसाल, कारण २ मिळवल्यावर २ आणि ३ या ओळी कधीच येणार नाहीत. २ आणि ३च्या ओळींत रिकामी थैली किंवा शापित अंगठी ठेवा.

तिसरा प्रकार तीन रकान्यांचा: वस्तू, ती कुणाची, तिच्यात खोट काय. प्रत्येकी सहा ओळी, एकेक फासा. अठरा ओळींतून २१६ जोड्या निघतात. 'चांदीचा पेला, बुडालेल्या राजाचा, अमावास्येला आपोआप भरतो' असं काही पडलं की पुढचं सेशन आयतं मिळतं. कधी 'चिलखत, उंदराचं, गाणं म्हणतं' असंही येतं आणि डीएमला ते निस्तरावं लागतं. ऐनवेळी थापा मारायला कचरत नसाल तरच हा घ्या.

मी सध्या दोन फाशांचा तक्ता वापरतो आणि १० किंवा वर आलं तरच तीन रकान्यांकडे वळतो. एकदा दिलेली वस्तू खोडून तिथे नवी लिहितो, नाहीतर तोच पेला तिसऱ्यांदा सापडतो.