उन्हाळ्यात वाचलेल्या सहा कादंबऱ्या

मार्चअखेरची घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली संपून नमुना नंबर 8 आणि 9 ची रजिस्टरे कपाटात गेली, की परभणी जिल्ह्यात ग्रामसेविका म्हणून काम करणाऱ्या माझ्यासारखीला टँकरच्या खेपांच्या नोंदी आणि टंचाईचे प्रस्ताव एवढेच काम उरते, आणि दुपारी ऊन उतरेपर्यंतचे दोन-अडीच तास वाचनासाठी मिळतात. यंदाच्या उन्हाळ्यात मी सहा कादंबऱ्या वाचल्या. त्यांतील बहुतेक तालुक्याच्या वाचनालयातून आणल्या आणि दोन विकत घेतल्या. मी साहित्याची अभ्यासक नाही. हाती येईल ते वाचते, म्हणून या सहांमध्ये ग्रामीण कादंबरी आहे, विज्ञानकथा आहे, रहस्यकथा आहे आणि बोटीवरची एक प्रेमकथाही आहे. मात्र वाचता वाचता एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली, ती अशी की कादंबरीत काय घडते यापेक्षा ते कोण सांगत आहे आणि कोणत्या बोलीत सांगत आहे, यावर ती माझ्या मनात टिकणार की नाही हे ठरते. पुढचे सगळे मत त्या एकाच कसोटीवर बेतलेले आहे.

सुरुवात रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ने केली. 1971 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी महाविद्यालयात असताना परीक्षेपुरती चाळली होती. बोराडे सर लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. फेब्रुवारी 2025 मध्ये ते गेले, तेव्हापासून ती पुन्हा नीट वाचायची हे मनात होते. गंगाराम नावाच्या गावातल्या शिंप्याची, त्याच्या मानी आणि हेकट स्वभावाची आणि त्यापायी उन्मळून जाणाऱ्या संसाराची ही गोष्ट त्याची बायको पार्वती सांगते, आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपल्या मराठवाड्याच्या बोलीतच सांगते. पात्रांचे संवाद बोलीत आणि निवेदन मात्र प्रमाण भाषेत, अशी सोय बोराड्यांनी घेतलेली नाही. त्यामुळे लेखक नावाचा शहाणा माणूस आपल्या आणि पार्वतीच्या मध्ये कोठेच उभा राहत नाही. तिला जेवढे कळले तेवढेच आपल्याला कळते. गावातल्या मोठ्या माणसांच्या मनात काय शिजत आहे, हे तिला ओट्यावरून, पाणवठ्यावरून आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते, आणि आपल्यालाही तिच्याबरोबर तसेच ओळखावे लागते.

या पुस्तकाची खरी परीक्षा माझ्या घरी झाली. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. एका संध्याकाळी वीज गेल्यावर मी अंगणात बाजेवर बसून, जेमतेम दिसत असलेल्या उजेडात, पहिली दहा-बारा पाने मोठ्याने वाचली. त्या ज्वारी निवडत होत्या. तिसऱ्या-चौथ्या पानावर त्यांचे हात थांबले आणि त्या म्हणाल्या, “ही बाई आपल्याकडलीच दिसूलाली की.” त्यानंतर आठ दिवस रोज संध्याकाळी वाचन झाले. सासूबाई ऐकताना गप्प बसत नाहीत. पार्वतीला मध्येच सल्ला देतात, गंगारामवर चिडतात, आणि एके ठिकाणी तर त्यांनी सूप बाजूला ठेवून मला पुस्तक मिटायला लावले आणि पुढचे उद्या वाचू म्हणाल्या, कारण पुढे बरे घडणार नाही हे त्यांना कळले होते. छापील पुस्तकातली भाषा ही आपली भाषा असू शकते, हे त्यांना वयाच्या सत्तरीत प्रथमच समजले. शाळेत आमच्या पिढीला “करूलालाव” म्हटल्यावर छडी बसत असे. त्याच क्रियापदांत एवढी घट्ट, एवढी करुण गोष्ट उभी राहते, याचा मला झालेला आनंद कोणत्याही समीक्षेत मावणारा नाही. दोष सांगायचाच तर शेवटाकडे संकटे एकामागून एक इतक्या वेगाने येतात की पार्वतीला, आणि आपल्यालाही, श्वास घ्यायला उसंत राहत नाही. पण ही तक्रार मी अर्ध्या मनानेच करते आहे.

‘पाचोळा’ संपल्यावर त्याच साली, म्हणजे 1971 मध्येच आलेली आनंद यादव यांची ‘गोतावळा’ घेतली. तीही संपूर्ण बोलीत आहे. फरक एवढाच की बोली कोल्हापूरकडची, कागल भागातली आहे आणि सांगणारा नारबा हा मळ्यावरचा गडी आहे. त्याला स्वतःचे घरदार नाही. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि हा गोतावळा एकेक करून पांगत जातो. आमच्याकडे वाचताना कोल्हापुरी शब्दांना अडखळायला होते, काही ओळी मला दोनदा वाचाव्या लागल्या, तरीही सासूबाईंचे लक्ष उडाले नाही. त्या प्रत्येक जनावराचे नाव काय ठेवले आहे ते विचारीत आणि दुसऱ्या दिवशी ते बरोबर लक्षात ठेवीत. आमच्या घरची बैलजोडी विकून आता बरीच वर्षे झाली. गावात पोळ्याला मातीचे बैल पुजणारी घरे दरवर्षी वाढत आहेत. जनावरे विकली जाण्याचा भाग मी वाचत होते, तेव्हा सासूबाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नारबा कोठेही यंत्राच्या विरोधात भाषण करीत नाही, फक्त गोठ्यात काय उरले ते सांगतो, आणि या कादंबरीचे बळ मला त्याच साधेपणात वाटते. मधल्या भागात मळ्यावरच्या कामांची वर्णने थोडी लांबली आहेत, पण शेतीत हात घातलेल्या वाचकाला ती जड जाणार नाहीत.

रहस्यकथा मी एकच वाचली, ती अगाथा ख्रिस्ती यांची ‘अँड देन देअर वर नन’, अनुवादातून. खोट्या निमित्ताने एका बेटावर बोलावलेली दहा माणसे आणि एकामागून एक होणारे मृत्यू, हा आराखडा आता इतका उचलला गेला आहे की मूळ पुस्तक शिळे वाटेल अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. इथेही मला निवेदनाची करामत सर्वांत जास्त आवडली. लेखिका दहाही जणांच्या मनात आपल्याला डोकावू देते, त्यात गुन्हेगारही असतो, आणि तरी तो आपल्याला ओळखू येत नाही. एका बैठकीत संपली. पुन्हा वाचेन असे मात्र वाटत नाही, कारण उत्तर कळल्यावर त्या माणसांविषयी मनात फारसे काही उरत नाही.

ख्रिस्ती यांच्या या पुस्तकासारखीच 1939 साली आलेली दुसरी कादंबरी मात्र अजून मनातून उतरलेली नाही. विश्राम बेडेकरांनी आयुष्यात लिहिलेली एकमेव कादंबरी म्हणजे ‘रणांगण’. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित, त्यांत हॅर्टा नावाची तरुणी आणि पूर्वीच्या प्रेमातून पोळलेला, स्त्रियांविषयी कडवट झालेला मराठी तरुण चक्रधर. दुसरे महायुद्ध पेटले त्या वर्षी मराठीत असे पुस्तक लिहिले गेले, याचे आजही आश्चर्य वाटते. चक्रधर स्वतःच गोष्ट सांगतो, आणि तो विश्वास ठेवावा असा सांगणारा नाही: आपल्या भावना तो आपल्यापासूनही लपवतो, प्रेमाला खेळ म्हणतो, आणि त्याच्या शब्दांच्या फटींतून त्याला न सांगायचे तेच बाहेर येत राहते. पुढे हॅर्टाची पत्रे येतात. त्यांत ती सरळ, काहीही न लपवता बोलते आणि आतापर्यंत चक्रधरच्या नजरेने पाहिलेली सगळी बोट वाचकाला नव्याने पाहावी लागते.

नेमक्या याच पत्रांच्या ठिकाणी माझी पंचाईत झाली. वाचनालयातली प्रत जुनी होती आणि ती नव्याने बांधताना शिवण इतकी आत घेतली होती की प्रत्येक ओळीची एका बाजूची दोन-तीन अक्षरे बांधणीत गेली होती. दोन्ही अंगठ्यांनी पाने दाबून धरायची, पुस्तक दिव्याकडे तिरके करायचे आणि उरलेला शब्द अंदाजाने जुळवायचा, असे करत मी दोन पत्रे वाचली आणि मग पुस्तक मिटले. हॅर्टाचे म्हणणे अंदाजाने वाचणे मला बरे वाटेना. छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या एका सहकाऱ्याला सांगून नवी प्रत मागवली आणि ती पत्रे पुन्हा पहिल्यापासून वाचली. जेमतेम शे-सव्वाशे पानांचे हे पुस्तक आहे. घ्यायचे असेल तर विकतच घ्यावे, कारण ते एकदा वाचून परत करण्यासारखे नाही. वाचनालयांनाही एक कळकळीची विनंती आहे की जुन्या पुस्तकांची बांधणी करून घेताना समासाकडे लक्ष द्यावे. पुठ्ठा मजबूत झाला आणि मजकूर गेला, तर पुस्तक वाचले असे म्हणता येत नाही.

जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ मी पुतण्यासाठी आणली होती. तो अकरावी विज्ञान शाखेत आहे. त्याने ती एका रात्रीत संपवली आणि मग माझ्या मागे लागून मला वाचायला लावली. जमिनीखाली सापडलेली एक पेटी, तिच्यातून हाती आलेले एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचे ज्ञान आणि त्या ज्ञानाच्या आधाराने घडवलेला यंत्रमानव, अशी ही कल्पना आहे. ही 1986 ची कादंबरी आज, यंत्रांच्या बुद्धीविषयी रोज बातम्या येत असताना, अधिकच जवळची वाटते. विज्ञान कोठेही अवघड होत नाही, हे नारळीकरांचे मोठेच सामर्थ्य आहे. पण माझ्या कसोटीवर ही कादंबरी थोडी कमी पडते. पात्रे एकमेकांशी बोलताना वाचकाला समजावून सांगत आहेत असे वारंवार वाटते, आणि एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घातले तरी फार बिघडणार नाही. मला यापेक्षा त्यांच्याविषयीची एक जुनी गोष्ट जास्त भावली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून. त्या वेळी ते जगभर गाजलेले शास्त्रज्ञ होते, तरी नावाकडे न पाहता फक्त कथेची परीक्षा व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. पुतण्याला मी हे सांगितले, तेव्हापासून तो त्यांच्या कथांचे संग्रह शोधतो आहे.

सर्वांत शेवटी वाचलेली आणि माझ्या कामाशी थेट भिडलेली कादंबरी म्हणजे कविता महाजन यांची ‘ब्र’. 2005 साली आलेल्या या कादंबरीची लेखिका नांदेडमध्ये जन्मलेली, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली. 2018 मध्ये अवघ्या 51 व्या वर्षी त्या गेल्या. 73 व्या घटनादुरुस्तीमुळे 1993 पासून पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि पुढे महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्यावर गेले. कागदावरची ही तरतूद आदिवासी भागातल्या बायकांच्या वाट्याला प्रत्यक्षात कशी आली, हे एका संस्थेत काम करू लागलेल्या प्रफुल्लाच्या नजरेतून या कादंबरीत येते. एकीकडे सरपंच झालेल्या बायकांच्या हकिकती आणि दुसरीकडे प्रफुल्लाचा स्वतःचा मोडलेला संसार असे दोन धागे आहेत. “ब्र काढायचा नाही” हे आपल्याकडे मुलीला लहानपणापासून ऐकवले जाते; त्या एका अक्षराचे नाव पुस्तकाला देण्यातच लेखिकेने पुष्कळ सांगून ठेवले आहे.

मी स्वतः पंधरा वर्षे ग्रामसभांची इतिवृत्ते लिहिते आहे, त्यामुळे यातील बरेचसे मला परके नव्हते. सरपंचांच्या खुर्चीवर त्यांचे मालक बसलेले आणि सरपंचबाई दाराशी पदर सावरून उभ्या, हे चित्र मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. एका गावी सहीसाठी रजिस्टर पुढे केले, तेव्हा सरपंचबाईंनी पेन हातात घेतले, पण सही केली नाही. “मॅडम, आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा,” असे त्या हळूच म्हणाल्या. खोलीतले सगळे बोलणे थांबले. मी ठराव वाचून दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी प्रश्न विचारले, एक रक्कम दुरुस्त करायला लावली आणि मगच सही केली. ‘ब्र’ वाचताना मला ते पेन, बोटांत धरून थांबलेले, सतत दिसत होते. कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा आहेत. मधला बराच भाग अहवालासारखा होतो. एका बाईची हकिकत मनात रुजते न रुजते तोच दुसरी येते, आणि काही बायका नावापुरत्याच राहतात. तरीही त्या बायका बोलू लागल्या की लेखिका बाजूला होऊन त्यांना त्यांच्या बोलीत पुरते बोलू देते, आणि म्हणून एवढे मोठे पुस्तक मी सोडले नाही. पंचायतीत काम करणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः पुरुषांनी, ते वाचावे असे मला मनापासून वाटते.

विकत घेतलेल्या दोन पुस्तकांपैकी ‘रणांगण’ माझ्या कपाटात आहे. ‘ब्र’ची प्रत सध्या त्याच सरपंचबाईंकडे आहे. चाळीस पाने झाली, असे त्यांनी परवा टँकरच्या नोंदी करताना सांगितले. मालकांनी काय वाचतेस म्हणून विचारले, तर मॅडमनी दिलेले कामाचे पुस्तक आहे असे सांगते, असेही त्या म्हणाल्या.