एअरसेन्स १० ऑटोसेट: सीपॅप लागू का पडत नाही, हे शोधताना

सीपॅप म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. मास्क लावूनही सकाळी डोकं जड असेल, तर दाब वाढवायची घाई नको; आधी मास्कमधून होणारी हवेची गळती पाहा. रेसमेडच्या या यंत्रातलं एसडी कार्ड संगणकाला लावून ‘ऑस्कर’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं, की रात्रीचा एकेक श्वास आलेखात दिसतो. या यंत्राची सर्वांत मोलाची सोय हीच. पडद्यावरचा एएचआय ही श्वास थांबण्याच्या किंवा उथळ होण्याच्या घटनांची ताशी सरासरी. पहाटे उताणं झोपल्यावर लागलेली श्वासबंदांची रांग तिच्यात बुडून जाते.

गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर टिकली, की नोंदींवर भरवसा ठेवू नये. नाकाचा मास्क असेल तर बहुधा तोंड उघडं पडतंय. पट्टे करकचून आवळले की मास्कची सिलिकॉनची कड चेपते आणि गळती उलट वाढते. आडवं होऊन, दाब सुरू ठेवूनच पट्टे जुळवावेत.

हे यंत्र दाब आपोआप कमी-जास्त करतं; पण तो ४ ते २० (सेंटिमीटर पाणी, हे दाबाचं माप) असा मोकळा सोडणं ही नेहमीची चूक. ४ वर अनेकांना गुदमरतं, आणि यंत्र हळूहळू वर चढेपर्यंत घसा मिटलेला असतो. किमान दाब डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

‘क्लिअर एअरवे’ नोंदी भरपूर असतील, तर घसा उघडाच आहे, श्वासाची प्रेरणाच थांबतेय. तिथे दाब वाढवून उपयोग नाही. मात्र यंत्राला झोप कळत नाही, जागेपणी कुशी बदलताना रोखलेला श्वासही ते मोजतं. रक्तातला ऑक्सिजनही वेगळा ऑक्सिमीटर जोडल्याशिवाय दिसत नाही, ही उणीव खटकते.