रशियन गॅस: जर्मनीने काय केलं आणि हंगेरीने काय केलं

युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा दोघंही रशियावर अवलंबून होते, पण रस्ते पार वेगळे निघाले. जर्मनीचा २०२१ मधला निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा, म्हणून आधी पाय मागेच, जानेवारी २०२२ मध्ये युक्रेनला द्यायचं काय ठरवलं तर ५००० हेल्मेट, मला तेव्हा खरंच राग आला होता. मग २२ फेब्रुवारीला जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर शोल्झ यांनी नॉर्ड स्ट्रीम २ ची, म्हणजे रशियातून समुद्राखालून येणाऱ्या नव्या गॅस पाइपलाइनची मंजुरी थांबवली, तरी गॅसवर लगेच बंदी नकोच म्हणत राहिले, आणि उन्हाळ्याअखेर रशियानेच जुन्या, चालू असलेल्या नॉर्ड स्ट्रीम १ चा पुरवठा बंद केला. त्या हिवाळ्यात सरकारी ऑफिसात हीटिंग १९ डिग्रीवर, बर्लिनमधल्या स्मारकांचे लाइट रात्री बंद, आणि डिसेंबरात विल्हेल्म्सहाफेन बंदरात तरंगतं एलएनजी टर्मिनल, म्हणजे बाहेरून आणलेला द्रवरूप गॅस उतरवून घेणारं जहाज सुरू, हे सगळं एका वर्षात.

हंगेरीला समुद्रच नाही, त्यामुळे असं जहाज उभं करायची सोय नव्हती, हे मान्य करावंच लागेल. पण तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान यांनी २०२१ मध्येच गॅझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीशी १५ वर्षांचा करार केलेला, हंगेरीतल्या पाक्श अणुप्रकल्पाचं काम रोसाटॉम या रशियन सरकारी कंपनीकडे, आणि युरोपियन युनियनने २०२२ मध्ये रशियन तेलावर घातलेल्या बंदीत तिथून तेल आणणाऱ्या द्रुझ्बा पाइपलाइनला सूट मिळवली. डिसेंबर २०२३ मध्ये तर युरोपियन युनियनची युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदतच अडवली, ती फेब्रुवारीत सुटली.

मला विचाराल तर जर्मनीने उशीर केला पण किंमत मोजली. हंगेरीची अडचण खरी होती, पण तिचा वापर युक्रेनची मदत अडवायला झाला, ते मला पटत नाही.