ॲटोरव्हास्टॅटिन, जेनेरिक गोळी: साडेचार गुण

बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी ब्रँडची होती, ती डॉक्टरांना विचारून जेनेरिक केली, म्हणजे त्याच घटकाची पण मूळ ब्रँडची नसलेली. पाचपैकी साडेचार गुण देते.

काम चोख आहे. बदलानंतर लिपिड प्रोफाइल करून घेतलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, होतं तिथंच, अंगदुखीची तक्रार नाही. बिल मात्र इतकं उतरलं की बाबा म्हणाले, "यात काहीतरी कमी घातलं असणार." त्यांची ही शंका मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यापायी कितीतरी घरं गरज नसताना महाग गोळी घेत राहतात.

कमी काहीच घातलेलं नाही. मूळ गोळी फायझरची, लिपिटॉर. पेटंट अर्ज केल्यापासून २० वर्षांचं असतं, पण त्यातली बरीच वर्षं चाचण्यांतच जातात. उरलेल्या काळात कंपनी सगळा खर्च आणि नफा वसूल करते. अमेरिकेत लिपिटॉरचं हे संरक्षण नोव्हेंबर २०११ मध्ये संपलं. नंतर आलेल्या कंपन्यांना मोठ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. आपल्या गोळीतून औषध रक्तात तितकंच आणि त्याच वेगानं उतरतं, एवढं सिद्ध करायचं. इथे मूळ गोळीच्या तुलनेत '८० ते १२५ टक्के' असा निकष आहे आणि लोक त्याचा अर्थ 'वीस टक्के औषध कमी चालतं' असा लावतात. तसं नाही. मोजमापातली अनिश्चितता धरून येणारा सगळा पट्टा या मर्यादेत बसावा लागतो, म्हणून प्रत्यक्षातली सरासरी मूळ गोळीच्या बरीच जवळ असते.

किंमत ठरवणाऱ्या इतर गोष्टी मला बिलं शेजारी ठेवून पाहताना कळल्या. १० आणि २० मिलिग्रॅमच्या भावात अनेकदा दुपटीचा फरक नसतो, कारण कच्च्या औषधाचा वाटा लहान असतो. दोन औषधं एकत्र केलेली गोळी सुटसुटीत, पण दोन सुट्या गोळ्यांपेक्षा महाग पडू शकते. विमा असेल तर त्यांच्या यादीत कोणती गोळी बसते तेही बघावं लागतं. आणि 'नवं' म्हणजे नेहमीच वेगळं असं नाही: ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधाचं पेटंट संपत आलं त्या सुमारास, २००१ मध्ये, अमेरिकेत एसोमेप्राझोल आलं, ते ओमेप्राझोलमधलंच एक रूप आहे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "याच घटकाची, किंवा याच कामाची जुनी गोळी चालेल का?" चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत.

अर्धा गुण कापला तो दिसण्यासाठी. कंपनी बदलली की गोळीचा रंग आणि आकार बदलतो. बाबा गोळ्या रंगावरून ओळखतात, त्यामुळे एकच औषध दोनदा घेतलं जाण्याचा धोका खरा आहे. आता प्रत्येक पाकिटावर घटकाचं नाव मी मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिते. उत्पादकांनीच ते ठळक छापायला हवं.

आईची थायरॉईडची गोळी मात्र मी अशी बदललेली नाही. तिच्या गोळीतल्या लिव्होथायरॉक्सिनमध्ये मात्रेतला थोडा फरकही जाणवतो. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन आणि फिट्सच्या काही औषधांचंही तसंच. तिच्या गोळीची कंपनी कधी बदललीच, तर आधी डॉक्टरांना कळवायचं आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी करायची, असं आम्ही ठरवलं आहे.