‘मॅडम’ला नवरा विचारत नाहीत: मालवणातल्या एका इंग्रजी वर्गाबद्दल

तारकर्लीला माझ्या चार खोल्या आहेत, जोडीला जेवणाची सोय. दिवाळीपासून मे संपेपर्यंत पाहुणे, पावसाळ्यात सामसूम. म्हणून जूनमध्ये मालवण बाजारपेठेतल्या एका माडीवर चालणाऱ्या इंग्रजी बोलण्याच्या वर्गात नाव घातलं. खोल्यावाले, होडीवाले, रिक्षावाले यांच्यासाठी सहा आठवडे, मंगळवार-शुक्रवार दुपारी तीन ते साडेचार, फी अडीच हजार. वर्गाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि शिकवणारी मुलगी गुणी आहे.

पहिल्याच दिवशी फॉर्म. नावाआधी तीन चौकोन: मिस्टर, मिसेस, मिस. मी पेन धरून बसून राहिले. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. लग्नपत्रिकांवर मी ‘सौ.’ची ‘श्रीमती’ झाले तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, एका पत्रिकेवर तर ‘गं. भा.’ही आलं. पुरुषाचा ‘श्री.’ लग्नाआधी तोच, बायको गेल्यावरही तोच. साहेबाच्या भाषेतही हीच रड असेल असं वाटलं नव्हतं.

बाईंनी (कुडाळची, वयाने माझ्या लेकीएवढी) माझा कोरा चौकोन पाहिला आणि धडा ठेवून तासभर त्याच शब्दांवर बोलली. मिस आणि मिसेस दोन्ही ‘मिस्ट्रेस’ची पिल्लं. मिस्ट्रेस म्हणजे घरची मालकीण, मास्टरची जोडीदार. पुढे तिचा अर्थ रखेलीपर्यंत घसरला, मास्टर मात्र मास्टरच राहिला. आपल्याकडे येऊन तो मास्तर झाला, ‘मास्तरीण’ आपण घरी घडवली. पोर्तुगिजांकडून आलेला मेस्त्रीही त्याच लॅटिन घराण्यातला. माझ्या न्हाणीघराची लादी वाकडी बसवणारा माणूस मास्टरचा भाऊबंद निघाला म्हणून मला हसू आवरेना.

आणि पूर्वी ‘मिसेस’साठी लग्न लागत नसे! इंग्लंडातल्या मोठ्या घरांतल्या मुख्य स्वयंपाकीणबाईला, ती बिनलग्नाची असली तरी, मिसेसच म्हणत. हाताखाली माणसं आहेत ना, मग मान द्या. माझ्याही हाताखाली दोन मुली आहेत.

‘मिझ’ मला नवीन होता. बाईचं लग्न झालंय की नाही हे माहीत नसेल तर हे म्हणा, अशी सूचना १९०१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्रात आली होती. पण न्यूयॉर्क टाइम्सने तो शब्द घेतला १९८६ मध्ये. त्यातला झ ‘माझा’तल्यासारखा काढायचा. वर्गातले निम्मे शेवटपर्यंत ‘मिस’च म्हणत राहिले.

लेडीचं मूळ तर मी जन्मात विसरणार नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पावाचं पीठ मळणारी, आणि लॉर्ड म्हणजे पावाचा राखणदार. रात्री वड्यांचं पीठ मळून ठेवते मी, सकाळी थापते मी. राखणदारी करणारे ओट्यावर बसून चहा मागतात.

धंद्याला खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. मराठीत पाहुणा ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहितो, बाई की बुवा लगेच कळतं. इंग्रजी मेसेजमध्ये क्रियापद काहीच सांगत नाही. मी सगळ्यांना ‘डिअर सर’ ठोकायची आणि गाडीतून दोन बायका उतरायच्या. एकीला मिसेस लिहिलं, ती निघाली डॉक्टर, तेही बिनलग्नाची. आता मी पूर्ण नाव लिहिते, डॉक्टर असेल तर डॉक्टर, आणि समोर आल्यावर मॅडम. अहो-जाहो इंग्रजीत नाही, एकटा ‘यू’ सगळ्यांना पुरतो. म्हणून मान द्यायला सर-मॅडम लागतं, हेही तिथेच उमगलं. स्कूबाच्या होडीवरचा मुलगा पाहुण्यांना ‘हॅलो लेडी’ म्हणायचा. तोंडावर तसं हाक मारणं उद्धट वाटतं म्हटल्यावर तो म्हणाला, “मगे आमी इतके दिवस शिव्या दितव काय?”

आता तक्रार. बाई चांगली, छापील पुस्तिका रद्दी. त्यात वेट्रेस, एअर होस्टेस, चेअरमन तसेच. बाई प्रत्येक पानावर सांगायची, खोडा, सर्व्हर लिहा, फ्लाइट अटेंडंट लिहा. मग पैसे कशाचे घेतले? प्रत्येक संवादात मॅनेजर आधी ‘सर’शी बोलतो, मॅडम मागे उभी राहून फक्त ‘थँक यू’ म्हणते. माझ्याकडे तर भाव करतात त्या मॅडमच. शिवाय पंखा एकच, तोही मास्तरांच्या, म्हणजे बाईंच्या डोक्यावर. जिना सरळसोट आहे, गुडघे दुखत असतील तर विचार करा.

जायचं का? बाई शिकवत असेल तर जा, आधी फोन करून विचारा. पुस्तिका नको म्हटलं तर तीनशे रुपये कमी करतात, हे मला उशिरा कळलं.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. सगळ्या बायकांच्या नावाआधी मिसेस, अगदी वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्याही. मी माझं तिथेच परत दिलं आणि ‘मिझ’ करून मागितलं. पुढच्या शुक्रवारी देतो म्हणाले. त्याला तीन शुक्रवार झाले.