समुद्राकाठी २५ केव्हीएचा डिझेल जनरेटर – २० महिने वापरल्यानंतर

आमचं सहा खोल्यांचं होमस्टे आहे, दापोली तालुक्यात, समुद्र फार तर दोनशे मीटरवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि लाईट यायला किती दिवस लागले ते इकडच्या माणसाला सांगायला नको, तेव्हापासून डोक्यात होतं की जनरेटर घ्यायचा, शेवटी परवाच्या वर्षी मे मधे घेतला. तीन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारा, सायलेंट कॅनपीवाला, म्हणजे आवाज अडवणाऱ्या पेटीतला. आज मीटरवर ४१० तास झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जे काही बिघडलं त्यात मशीनचा दोष कमी आणि माझाच जास्त.

पहिली चूक साईजची, म्हणजे केव्हीएची (मशीन किती वीज पुरवू शकतं त्याचं माप). दुकानदार म्हणाला विहिरीवरचा ३ एचपीचा पंप उचलायचा तर मोठंच घ्या. आता मोटर चालू होताना चारपाच पट करंट खेचते हे खरंच आहे त्यामुळे मीही मान डोलावली. पण पंप चालतो दिवसाला पाऊण तास. बाकी रात्रभर दिवे, पंखे, दोन फ्रीज, बस.

पहिल्या पावसात ऑगस्टमधे आई सकाळी मागच्या दारी गेली आणि ओरडली, "अरे गड्याने भिंतीवर डांबर सांडलंन काय?" बघतो तर सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं चिकट पाणी ठिबकत होतं आणि नव्या चुन्यावर हातभर ओघळ. मला वाटलं ऑईल लीक. दोनदा बोल्ट आवळले, डिपस्टिक बघितली तर ऑईल जागच्या जागी. मग मिस्त्रीला बोलावलं. त्याने बोट लावून वास घेतला आणि विचारलं, "भाऊ, रात्री ह्याच्यावर काय काय चालतं?" क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजायचा) लावला तर फेजला, म्हणजे तीनपैकी एकेका लाईनला, जेमतेम पाच अँपिअर, आणि मशीन पस्तीस अँपिअरचं!

म्हणजे झालं काय, लोड इतका कमी की इंजिन नीट तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि न जळलेलं डिझेल नि काजळी एकत्र होऊन सायलेन्सरमधे साठते, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर कार्बन बसतो, थोडं डिझेल लायनरवरून (सिलिंडरची आतली भिंत) खाली ऑईलमधेसुद्धा उतरतं. याला वेट स्टॅकिंग म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मशीनच्या ताकदीच्या साधारण तीस टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवू नका असं सांगतात, आमचं बारापंधरा टक्क्यांवर चाललेलं. त्या दिवशी मिस्त्रीने चार गीझर आणि दोन एसी एकदम लावायला सांगितले, पहिला अर्धा तास असा धूर निघाला की शेजारचे काका विचारायला आले, मग हळूहळू स्वच्छ झालं. दोन तास चालवलं. ऑईल नि फिल्टर लगेच बदलला, तास भरले नव्हते तरी.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी गेस्टच्या आंघोळीच्या वेळेला लाईट असली तरी चाळीस मिनिटं जनरेटरवर, गीझर आणि पंपासकट. डिझेल जातं, जाऊ दे. रिकामं चालवून "स्टार्ट होतंय ना" एवढंच बघणारे बरेच आहेत, त्याने उलट काजळीच वाढते. सिंगल फेजचे गीझर तिन्ही फेजवर वाटून घेतलेत, आधी दोन एकाच फेजवर होते. बंद करताना आधी लोड काढायचा, तीनचार मिनिटं तसंच फिरू द्यायचं, मग बंद.

दुसरा त्रास पाण्याचा. डिझेलचा ड्रम पडवीच्या कडेला उभा ठेवलेला, झडीचं पाणी वरच्या झाकणाभोवती साचायचं आणि ड्रम दिवसा तापून रात्री निवला की तेच पाणी आत ओढलं जायचं. हे मला कोण सांगणार! एकदा वॉटर सेपरेटरची (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) खालची चावी सोडली तर कपभर नुसतं पाणी, वर पिवळसर डिझेल. नवीन मशीनमधे इंजेक्शनच्या भागांना पाणी अजिबात चालत नाही आणि ते भाग स्वस्त नाहीत. आता ड्रम आत, तोसुद्धा आडवा, डिझेल एक दिवस निवळू देऊन वरचंच घेतो आणि पावसाळ्यात टाकी रात्री अर्धी ठेवत नाही कारण रिकाम्या जागेतली दमट हवा आतल्या आत घाम धरते. सेपरेटर दर आठवड्याला काचेच्या बाटलीत सोडून बघतो.

खाऱ्या हवेबद्दल काय बोलायचं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरं पीठ चढतं, गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून ब्रशने धुवायचं, निगेटिव्ह आधी काढायचा, पुसून वर पेट्रोलियम जेली. रेडिएटरच्या पात्यांवर मीठ आणि लाल माती यांचा थर बसतो, तो इंजिन गार असताना विहिरीच्या गोड्या पाण्याने हलकेच धुतो, प्रेशरने नाही, पाती वाकतात. रेडिएटरच्या आत मात्र विहिरीचं पाणी घालायचं नाही, तयार कूलंटच. कॅनपीच्या दाराची खालची कड पहिल्या वर्षातच फुगली, घासून प्रायमर मारलाय, बिजागऱ्यांना ग्रीस. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत आता जनरेटरही आला, झाप (माडाच्या पानांचे पडदे) लावायच्या दिवसांतच त्याचंही करतो.

सर्वात मजेशीर प्रकार दिवाळीनंतरचा. मशीन जास्त तापून आपोआप बंद (ट्रिप) व्हायला लागलं, कूलंट बरोबर, बेल्ट बरोबर. हवा जाणाऱ्या जाळीत टॉर्च मारला तर कुंभारीण माशीने मातीची सात घरं बांधलेली आणि खाली पालीची अंडी. फेवीकॉलसारखी चिकटलेली माती, पेचकसाने उकरून काढली. आता बारीक जाळी लावलीय पण फार बारीक नको, हवा अडते.

ऑईल १५ डब्ल्यू ४० ग्रेडचं, पहिलं ५० तासांना बदललं, आता दोनशे तासांना किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. एअर फिल्टर झटकण्यात अर्थ नाही, बदला. पावसाळ्यानंतर एकदा अल्टरनेटरला (वीज तयार करणारा भाग) मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून घेतो, वाइंडिंगमधे दमटपणा धरलाय का ते कळतं.

डिझेल आमच्या लोडला ताशी सव्वादोन ते अडीच लिटर. हेच १५ केव्हीएचं घेतलं असतं आणि पंपाला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू चालू करणारा) लावला असता तर निम्म्या कटकटी झाल्याच नसत्या, हे मिस्त्रीही म्हणतो आणि आता दुकानदारही म्हणतो. भिंतीवरचा डांबराचा ओघळ दोनदा चुना मारूनही वर येतोय, आईने तिथे आता जास्वंद लावलीय.